एकाच मुशीतले चार तुकडे

नवतपा सुरू होऊन दोन दिवस झाले होते. नागपुरात त्या दिवसांत बाहेरचाच पारा 45 अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेतील मफल भट्टी (चहूबाजूंनी बंद विजेची भट्टी) शक्यतो रात्रीच लावावी, असा अलिखित नियम होता. आदल्या संध्याकाळी मी काचेचे चार तुकडे दारापासून मागच्या भिंतीपर्यंत एका ओळीत मांडले, मिनिटाला 5 अंश या गतीने 600 पर्यंत चढायचे, तिथे एक तास थांबायचे आणि मग सावकाश उतरायचे, असा क्रम नियंत्रकात भरला आणि घरी गेले.

चारही तुकडे एकाच मुशीतून ओतलेले होते. सोडा, चुना आणि सिलिका यांच्या 100 ग्रॅम काचेत अवघे 20 मिलिग्रॅम सोने आणि थोडा कथिलाचा ऑक्साइड. त्यासाठी इतवारीतील सराफाकडून अर्ध्या ग्रॅमचा तुकडा घेतला, तेव्हा “एवढ्याशात काय घडवणार?” या त्याच्या प्रश्नाला मी “काच” असे उत्तर दिले आणि त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिले. ते सोने अम्लराजात (सोने विरघळवणाऱ्या दोन तीव्र आम्लांच्या मिश्रणात) विरघळवून मिश्रणात घातले. 1400 अंशांवरून ओतलेली अशी काच पाण्यासारखी रंगहीन निघते, कारण सोने तिच्यात अजून सुटेसुटे विखुरलेले असते. काच-संक्रमण तापमानाच्या, म्हणजे कडक काच जिथे मऊ पडू लागते त्या तापमानाच्या, वर ती पुन्हा तापवली की सोन्याचे अणू सरकत एकत्र येतात, त्यांचे काही नॅनोमीटरचे कण बनतात, आणि त्या कणांतील मोकळे इलेक्ट्रॉन हिरव्या प्रकाशाबरोबर झुलू लागल्याने तो प्रकाश शोषला जाऊन काच लाल दिसते. हा लाल रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा आहे, हे फॅरडेने 1857 मध्ये मांडले आणि त्याचे गणित 1908 मध्ये गुस्ताव मी याने (‘मी’ हे आडनाव आहे, सर्वनाम नव्हे) सोडवून दाखवले.

सकाळी मी दार उघडत असतानाच प्रयोगशाळा सांभाळणारे भाऊ म्हणाले, “मॅडम, रात्री दोनदा लाईन गेली होती नं.” वीज परत आली की आमचा नियंत्रक क्रम पहिल्या पायरीपासून सुरू करतो, म्हणजे तुकड्यांना किती तास उष्णता मिळाली, याचा काहीच हिशेब उरला नव्हता. समोर मात्र चार वेगळ्या काचा होत्या. दाराजवळची फिकट गुलाबी, दुसरी डाळिंबाच्या दाण्यासारखी, तिसरी इतकी गडद की ट्यूबलाइटसमोर धरल्यावर फक्त कडा लाल दिसाव्यात. आणि मागच्या भिंतीजवळची वरून काळजासारखी तपकिरी व गढूळ, पण उजेडासमोर धरली की निळसर जांभळी.

मला रडू यायचे बाकी होते. माझे मार्गदर्शक सर मात्र शांतपणे म्हणाले, “आधी भट्टीच्या पोटातलं तापमान मोजा.” सुटा थर्मोकपल आत सरकवत नेला, तेव्हा पडद्यावर 600 असताना दाराशी 575 आणि मागे 620 च्या आसपास आकडे आले. इतकी वर्षे ज्या एका आकड्यावर आम्ही विसंबलो होतो, तो भट्टीच्या फक्त मध्याचा होता.

काच कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषते, हे दाखवणाऱ्या आलेखांनी बाकीचे सांगितले. पहिल्या तुकड्याचा उंचवटा 530 नॅनोमीटरजवळ, पण बसका आणि पसरट होता, कारण कण फार लहान असला की इलेक्ट्रॉन त्याच्या सीमेवर वारंवार आपटतात. दुसऱ्याचा त्याच जागी पण टोकदार होता. चौथ्याचा 560 च्या पुढे सरकून लांबवर उतरत गेला होता. तिथले कण इतके वाढले होते की ते प्रकाश शोषण्याबरोबर विखुरतही होते.

मग हेच तुकडे, आणि न तापवलेला पाचवा, डीएससी यंत्रात, म्हणजे नमुना तापवताना तो किती उष्णता घेतो हे मोजणाऱ्या यंत्रात, घातले. पाचांचेही काच-संक्रमण तापमान 555 अंशांच्या आगेमागे निघाले, फरक 2 अंशांचा, म्हणजे यंत्राच्या अचूकतेबाहेर न जाणारा. हिशेब केल्यावर कारण कळले: या काचेत सुमारे 50,000 अणूंमागे सोन्याचा एक अणू येतो, आणि सिलिकेच्या जाळ्याला त्याने काहीच फरक पडत नाही. डोळ्याला इतके उघड दिसणारे हे सोने उष्णतेच्या मोजणीत जणू नव्हतेच.

सोने घातल्याने संक्रमण तापमान बदलेल, असे मी संशोधनाच्या प्रस्तावात ठामपणे लिहिले होते. ते वाक्य मी त्याच दुपारी खोडले, भट्टीच्या तळावर मधोमध खडूने चौकोन आखला आणि वीज गेल्यास क्रम पुन्हा सुरू न होता बंदच राहावा, अशी नियंत्रकाची मांडणी बदलून घेतली.