ओळ नंबर 20
मी टेक्निकल रायटर आहे, पुण्यात. काय करतेस विचारलं की सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिते असं सांगून मोकळी होते, पण खरं म्हणजे अर्धा दिवस एक्सपोर्ट केलेल्या फाइलमधून काय गळालं ते शोधण्यात जातो.

आमच्या एका क्लायंटच्या सर्व्हर रूममध्ये इंटरनेट नाही, ब्राउझर नाही, पीडीएफ उघडायची सोय नाही. काळी स्क्रीन, वाचायला लेस, एडिट करायला व्हीआय, बस. त्यामुळे त्यांना सगळं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये द्यावं लागतं. आम्ही मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणा वापरून, लिहितो आणि पॅनडॉक या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने हव्या त्या फॉरमॅटमध्ये काढतो. एचटीएमएल काढलं तर कोडच्या ओळींना नंबर मिळतात, पण प्लेन टेक्स्ट काढलं की पॅनडॉक ते नंबर गुपचूप गाळतो, ना एरर ना वॉर्निंग, चार स्पेस आत सरकवलेला कोड तेवढा उरतो आणि मजकुरात आपलं 'ओळ 20 बघा' तसंच लटकलेलं.

मग मीच एक छोटी स्क्रिप्ट लिहिली जी प्रत्येक कोड उचलून एनएल कमांडमधून काढायची. एनएल म्हणजे नंबर लाइन्स, युनिक्सची जुनी कमांड. मला तेव्हा जाम भारी वाटलं होतं स्वतःबद्दल, टीममध्ये डेमो वगैरे दिला. आता गंमत बघा, एनएलला काही न सांगता चालवलं तर ती रिकाम्या ओळी मोजतच नाही. फाइल दाखवणाऱ्या कॅट कमांडला एन लावलं की सगळ्या मोजल्या जातात, एनएलला मात्र 'बीए' असा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. मॅन पेजवर, म्हणजे कमांडच्या माहितीपानावर, हे लिहिलंय. मी वाचलं नव्हतं. आणि टेस्टिंगमध्ये सापडलं का नाही, तर मी ज्या स्क्रिप्टवर तपासलं तिच्या 'रिकाम्या' ओळींत कुणीतरी स्पेस सोडून ठेवल्या होत्या. स्पेस असली की एनएलच्या लेखी ती ओळ रिकामी नाही, म्हणून नंबर बरोब्बर जुळले.

त्या आठवड्यात क्लायंटला ऑडिटसाठी जुने लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, जपायचे होते. रात्रीची स्क्रिप्ट लॉगचा टार, म्हणजे सगळ्यांची एकत्र बांधलेली एक फाइल, बनवते, तो एससीपीने दुसऱ्या मशीनवर पाठवते, मग इथले टार आणि लॉग दोन्ही आरएमने उडवते. आमच्या दस्तऐवजात पायरी होती, 'लॉग पुसणं थांबवायचं असेल तर ओळ 20 च्या सुरुवातीला हॅश टाका'. हॅश लावला की ती ओळ कमेंट होते, म्हणजे चालतच नाही. छापलेल्या कोडमध्ये 20 वर आरएम होतं. नागपूरच्या साइटवरच्या मुलाने व्हीआय उघडलं, ओळींचे नंबर दिसायला सेट नंबर केलं, 20 वर गेला, हॅश टाकला, सेव्ह. व्हीआय रिकाम्या ओळीही मोजतो, वर तीन होत्या, म्हणजे आरएम होतं 23 वर आणि 20 वर होतं एससीपी.

पाठवणं बंद, पुसणं चालू.

एससीपीच्या खाली चेक होता, आधीची कमांड फसली असेल तर बाहेर पड. पण एससीपीच कमेंट झाल्यावर त्या चेकच्या दृष्टीने आधीची कमांड म्हणजे टार, आणि टार तर व्यवस्थित झाला होता. एका रात्रीचे लॉग गेले, नेमके जपायला सांगितलेले.

सकाळच्या कॉलवर तो मुलगा एकच सांगत होता, "मॅडम, मी तर 20 च पाहून राहिलो होतो ना." आमच्या मॅनेजरचं म्हणणं, ओळीत काय लिहिलंय ते वाचायला नको का. नको का, हो, पण रात्री दीडला, मागे कुणी नाही, हातात आम्ही दिलेला कागद आणि त्यावर फक्त आकडा. 'आरएमने सुरू होणारी ओळ' एवढं लिहायला मला काय झालं होतं?

तासाभराने कॉलवरच मी दोन्हीकडचे नंबर शेजारी ठेवले तेव्हा मला कळलं. बोलले, मॅनेजरला सांगितलं, पण उशिरा. रिपोर्टच्या फॉर्ममध्ये कारणाच्या ड्रॉपडाउनमध्ये हार्डवेअर, सॉफ्टवेअर, नेटवर्क आणि मानवी चूक एवढेच पर्याय, दस्तऐवज असा पर्यायच नाही, आमच्या कामाची किंमत तिथेच कळते. 'मानवी चूक' निवडून फॉर्म आधीच गेला होता, आणि त्यातला मानव मी नव्हते. बदलायचं म्हटलं तर मॅनेजर म्हणाले आता कशाला परत उघडताय.

मी ते दस्तऐवज मार्कडाउनमधून ऑर्ग-मोड या दुसऱ्या लेखनपद्धतीत हलवलं. तिथे कोडमधल्या ओळीला नावाची खूण लावता येते आणि मजकुरात त्या खुणेचा दुवा दिला की एक्सपोर्ट करताना तो आपोआप नंबर होऊन बसतो, टेक्स्ट फाइलमध्येसुद्धा. वर दोन ओळी वाढल्या तरी मजकुरातला आकडा सोबत सरकतो. शिवाय आता प्रत्येक पायरीत आकड्याशेजारी अख्खी ओळ छापते. लोक म्हणतात फाइल लांबली, लांबू दे.

मागच्या आठवड्यात नवीन आवृत्ती पाठवल्यावर नागपूरहून त्याच मुलाचा फोन, "मॅडम, नंबर व्हीआयचेच आहेत ना आता?" हो म्हटलं. फोन ठेवला आणि फाइल उघडून स्क्रीनवर बोट ठेवून मोजत बसले. रिपोर्टमध्ये त्याचं नाव अजून तसंच आहे, हे मात्र त्याला सांगितलं नाही.