अमिगाच्या फ्लॉपीतली चित्रं आजच्या संगणकावर आणताना

वरून पाहिलं तर अमिगा या जुन्या घरगुती संगणकाची फ्लॉपी आणि पीसीची फ्लॉपी यांत काही फरक दिसत नाही. तीच साडेतीन इंची, तीच पत्र्याची सरकती झडप. म्हणून डिलक्स पेंट या अमिगावरच्या चित्रांच्या प्रोग्राममध्ये काढलेली चित्रं असलेली फ्लॉपी लोक सरळ यूएसबीच्या फ्लॉपी ड्राइव्हमध्ये सरकवतात, आणि विंडोज विचारतं: डिस्क फॉरमॅट करायची का? तिथे चुकूनही 'हो' म्हणू नका. फ्लॉपी बहुतेक वेळा शाबूत असते, ड्राइव्हला ती वाचता येत नसते एवढंच.

पीसीच्या ७२० केबी फ्लॉपीवर प्रत्येक ट्रॅकवर, म्हणजे तबकडीवरच्या गोल रेघेवर, माहितीचे ९ तुकडे, म्हणजे सेक्टर, असतात आणि दोन सेक्टरांमध्ये मोकळी जागा सोडलेली असते. अमिगा एका दमात अख्खा ट्रॅक लिहितो, सेक्टर खेटून बसवतो आणि तेवढ्याच जागेत ११ मावतात. प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक, २ बाजू, ११ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट: एकूण ९,०१,१२० बाइट, म्हणजे ८८० केबी. यूएसबी ड्राइव्हमधली चिप फक्त पीसीची मांडणी ओळखते, त्यामुळे कुठलंही सॉफ्टवेअर टाकलं तरी या ड्राइव्हवर उपाय चालत नाही.

उपाय म्हणजे ग्रीझवीझल. ही छोटीशी सर्किटची पाटी एका बाजूने यूएसबीला आणि दुसऱ्या बाजूने पीसीच्या साध्या, जुन्या, ३४ पिनांच्या फ्लॉपी ड्राइव्हला जोडायची. ती सेक्टर वगैरे काही बघत नाही. फ्लॉपी फिरताना चुंबकीय बदल किती वेळाने येतात तेवढं मोजते आणि ते आकडे संगणकाकडे पाठवते. अर्थ लावायचं काम नंतर सॉफ्टवेअर करतं. जोडताना रिबन केबलची लाल कड पिन १ कडे हवी. केबल उलटी बसली तर ड्राइव्हचा दिवा चालू करताक्षणी लागतो आणि विझतच नाही. घाबरू नका, वीज बंद करून केबल फिरवा. मधे पिळ असलेली केबल असेल तर पिळापलीकडचा ड्राइव्ह 'ए'. सरळ केबल असेल तर कमांडमध्ये ड्राइव्ह 'बी' असं सांगावं लागतं. 'ड्राइव्ह सापडत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा इथेच मिटते.

फ्लॉपी आत घालण्याआधी तीन गोष्टी बघा. कोपऱ्यातली प्लॅस्टिकची पट्टी सरकवून भोक उघडं करा. आरपार दिसलं की लिहिणं बंद झालं. दुसऱ्या कोपऱ्यातही भोक असेल तर ती एचडी, म्हणजे जास्त माहिती मावणारी, फ्लॉपी आहे. अमिगाचा साधा ड्राइव्ह ते भोक तपासतच नसे, म्हणून एचडी फ्लॉप्याही सर्रास ८८० केबीसाठी वापरल्या गेल्या. पीसीचा ड्राइव्ह मात्र भोक बघून एचडीच्या तयारीत जातो आणि वाचन फसतं. त्या भोकावर अपारदर्शक चिकटपट्टी लावली की काम होतं. तिसरी गोष्ट बुरशी. झडप सरकवून, मधला धातूचा चकता बोटाने हळूहळू फिरवत, उजेडात तबकडी तिरकी धरून बघा. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या फ्लॉप्यांवर पांढुरके ठिपके दिसले तर ती तशीच ड्राइव्हमध्ये घालू नका: बुरशी हेडवर, म्हणजे ड्राइव्हच्या वाचणाऱ्या टोकावर, चिकटते, हेड तबकडी खरवडतं आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीचीही वाट लागते. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या, धागे न सुटणाऱ्या बोळ्याने दोन्ही बाजू हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या. अशा प्रत्येक फ्लॉपीनंतर हेडही पुसा.

आता वाचन. थेट एडीएफ फाइल, म्हणजे फ्लॉपीच्या सगळ्या सेक्टरांची नक्कल, बनवण्याचा मोह होतो, कारण ती नेमकी ९,०१,१२० बाइटची सुटसुटीत फाइल असते. तरी आधी कच्चा चुंबकीय ठसा, म्हणजे एससीपी फाइल, तबकडीच्या तीन फेऱ्यांसकट उतरवून ठेवा आणि त्यातून एडीएफ काढा, हा माझा आग्रह आहे. फ्लॉपी कदाचित एकदाच धड वाचली जाईल. अर्थ लावणं कितीही वेळा करता येतं. चित्रकार अँडी वॉरहॉलने १९८५ साली अमिगावर केलेली चित्रं २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर क्लबने बाहेर काढली ती याच क्रमाने. आधी फ्लॉप्यांचा ठसा घेतला, मग कळलं की फाइली ओळखीच्या फॉरमॅटमध्येच नाहीत, आणि त्या फॉरमॅटची उकल नंतर सावकाश केली.

एडीएफ बनवताना ग्रीझवीझल एक तक्ता दाखवतो: चांगल्या सेक्टरसाठी टिंब, हरवलेल्यासाठी फुली, आणि शेवटी १७६० पैकी किती सापडले तो आकडा. फुल्या कुठे पडल्या ते नीट बघा. एकाच बाजूच्या सगळ्या ट्रॅकवर असतील तर त्या बाजूचं हेड मळलंय. इकडेतिकडे विखुरलेल्या असतील तर पुन्हा प्रयत्नांची संख्या वाढवा. तरीही हटत नसतील तर दुसऱ्या ड्राइव्हवर वाचा; हेडची जागा प्रत्येक ड्राइव्हमध्ये केसभर वेगळी असते आणि एकाला न दिसलेला ट्रॅक दुसऱ्याला दिसतो.

चालू अमिगा हाताशी असेल तर ही उठाठेव टळते. वर्कबेंच या अमिगाच्या सिस्टीमच्या २.१ आवृत्तीपासून क्रॉसडॉस हे पीसीच्या फ्लॉप्या हाताळणारं सॉफ्टवेअर सोबत येतं. त्याने ७२० केबीच्या पीसी फ्लॉपीवर फाइली लिहिता येतात, फक्त लांब नावं आठ अधिक तीन अक्षरांत बसवावी लागतात. अमिगा ६०० किंवा १२०० असेल तर बाजूच्या पीसीएमसीआयए खाचेत कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड चालतं. पण वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र एकदम चालू करू नका. या दोन मॉडेलांत कपॅसिटर गळतात, आणि ५०० प्लस व २००० मध्ये बोर्डावरची बॅटरी गळून तांब्याच्या रेषा खाते.

एडीएफमधून फाइली काढायला अमिटूल्स या सॉफ्टवेअर-संचातलं एक्सडीएफटूल पुरेसं आहे: आधी यादी, मग 'अनपॅक'. लिनक्सवर एएफएफएस या अमिगाच्या फाइलसिस्टीम म्हणून एडीएफ थेट माउंटही करता येते. बाहेर आलेल्या फाइलींना पुष्कळदा एक्स्टेन्शनच नसतं, म्हणून हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतले कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, सुरुवात बघा. पहिली चार अक्षरं 'फॉर्म', मग चार बाइट लांबी, मग 'आयएलबीएम', असं रोमन लिपीत दिसलं की ते अमिगाच्या आयएलबीएम फॉरमॅटमधलं चित्र. 'पीपी२०' दिसलं तर फाइल पॉवरपॅकरने आवळलेली आहे. आधी ती सोडवा, नाहीतर कुठलाच कन्व्हर्टर तिला हात लावणार नाही.

खरी गंमत आयएलबीएमच्या पोटात आहे. चित्रातले ठिपके एकामागून एक ठेवलेले नसतात. ३२० × २५६ चं ३२ रंगांचं चित्र म्हणजे ५ बिटप्लेन: प्रत्येक ठिपक्याच्या रंगक्रमांकाचा एकेक बिट वेगळ्या थरात. प्रत्येक ओळीसाठी आधी पहिल्या प्लेनचे ४० बाइट, मग दुसऱ्याचे ४०, असे पाच, आणि मग पुढची ओळ. न आवळता ५१,२०० बाइट. ओळ नेहमी १६ बिटांच्या पटीत पुरी करतात, त्यामुळे ३२२ ठिपके रुंद चित्राची ओळ ४१ नव्हे, ४२ बाइटची असते. हा एक बाइट विसरणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये चित्र तिरकं घसरत जातं आणि रंग विस्कटतात. आवळण्याची पद्धत सोपी आहे: बाइट ० ते १२७ असेल तर त्यात १ मिळवून तितके पुढचे बाइट जसेच्या तसे घ्या, १२९ ते २५५ असेल तर २५७ मधून वजा करून पुढचा एक बाइट तितक्यांदा लिहा, १२८ सोडून द्या.

एरवी रिकॉइल नावाचा कन्व्हर्टर हे सगळं मुकाट्याने करतो आणि पीएनजी हातात देतो. नेटपीबीएममध्येही आयएलबीएमचा कन्व्हर्टर आहे. चुका होतात त्या बहुधा तीन ठिकाणी.

पहिलं, 'हॅम' चित्रं. यात ६ प्लेन असतात. वरचे दोन बिट सांगतात की खालचे चार म्हणजे १६ रंगांतला एक, की डावीकडच्या ठिपक्याचा फक्त निळा, लाल किंवा हिरवा भाग बदलायचा. चित्र हॅम आहे ही खूण 'सीएएमजी' नावाच्या चार बाइटांच्या तुकड्यात असते. काही जुन्या प्रोग्रामांनी तो लिहिलाच नाही. मग कन्व्हर्टर ६ प्लेन बघून ६४ रंगांचं हाफ-ब्राइट चित्र (३२ रंग आणि त्यांच्याच अर्ध्या उजेडाच्या छटा) समजतो आणि चेहऱ्यांच्या जागी रंगीबेरंगी खडखडाट दिसतो. अशा वेळी हॅम जबरदस्तीने लावून बघा. निकाल २४ बिटांच्या पीएनजीमध्येच साठवा, कारण ४०९६ रंगांतले कितीही येऊ शकतात आणि २५६ रंगांची पॅलेट, म्हणजे रंगयादी, तोकडी पडते.

दुसरं, मळकट पांढरा. मूळ अमिगात प्रत्येक रंगाला ४ च बिट होते, आणि अनेक प्रोग्राम ते बाइटच्या वरच्या अर्ध्यात लिहून खालचा अर्धा शून्य ठेवत. म्हणजे पांढरा २५५ ऐवजी २४०. पॅलेटमधले सगळे आकडे १६ ने भागले जात असतील तर प्रत्येकाला १६ ने भागा आणि १७ ने गुणा.

तिसरं, चपटी चित्रं. ६४० × २५६ चं चित्र पडद्यावर ६४० × ५१२ च्या आकाराचं दिसायचं, कारण ठिपका उभा, लांबट होता. उंची नेमकी दुप्पट करा आणि मोठं करण्याची 'निअरेस्ट नेबर' पद्धत निवडा. शेजारचे ठिपके मिसळणारी बायक्युबिक पद्धत वापरली तर हाताने एकेक टेकवलेले ठिपके धूसर होतात. जेपेग तर नकोच. ठिपक्यांच्या जाळीने रंगवलेल्या छटांचा तो चिखल करतं.

पीएनजीत येतच नाही अशी एक गोष्ट उरते: रंगांचं फिरणं. धबधबे, ज्वाळा डिलक्स पेंटमध्ये हलत्या दिसत त्या पॅलेटमधले रंग गोल फिरवून. ती माहिती 'सीआरएनजी' तुकड्यात असते, म्हणून मूळ फाइल कधीच टाकू नका. त्यात वेग असतो, १६३८४ म्हणजे सेकंदाला ६० पावलं. शिवाय पहिला रंग, शेवटचा रंग आणि खुणांचे बिट. सर्वांत खालचा बिट बंद असेल तर ती रांग फिरतच नव्हती, कारण डिलक्स पेंट न वापरलेल्या रांगाही फाइलीत लिहून ठेवत असे. त्यावरचा बिट चालू असेल तर फिरणं उलट दिशेने. वेग सुमारे २७३० असेल तर सेकंदाला १० पावलं. आठ रंगांची रांग असेल तर आठ चौकटींचा, प्रत्येकी एक दशांश सेकंदाचा जीआयएफ केला की पाणी पुन्हा वाहू लागतं.