तीन बहिणी आणि लोखंडी पिंजरा

डेगू म्हणजे खारीसारखा दिसणारा, चिलीतला छोटा कुरतडणारा प्राणी. आमच्या केंद्रात डेगू आणून सोडणाऱ्यांचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. पिंजऱ्यातून निसटतात, दिसेल ते कुरतडतात, आता आवरत नाहीत. इंग्लंडमध्ये, वेस्ट यॉर्कशायरमधल्या लहान प्राण्यांच्या एका निवारा केंद्रात मी काम करते. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन इथे आले. पण या देशात पशुवैद्य म्हणून उभं राहायचं तर पशुवैद्यांची नोंदणी करणाऱ्या रॉयल कॉलेजची परीक्षा द्यावी लागते. तिचा अभ्यास सुरू आहे, आणि तोवर ससे, गिनीपिग, चिंचिला आणि डेगू यांची देखभाल हे माझं काम. परभणीत आम्ही गाय, म्हैस, शेळी, कोंबडी शिकलो. डेगू मी इथेच पहिल्यांदा पाहिला.

हडर्सफील्डच्या एका निवृत्त बसचालकांचे फोनवर फोन येत होते. त्यांच्याकडे तीन डेगू, तिघी सख्ख्या बहिणी. मेबल, पर्ल आणि डॉट. नातीनं हौसेनं आणल्या होत्या. ती शिकायला दुसऱ्या गावी गेली आणि तिघी आजोबांकडे राहिल्या. "घेऊन जा यांना, पोरी. माझ्याकडे यांचा जीव सुरक्षित नाही," ते मला म्हणाले. केंद्रात एकही पिंजरा रिकामा नव्हता. पण आमच्या सुपरवायझरनं फोन हातात घेतला आणि विचारलं, "पिंजरा धड असता, तर ठेवल्या असत्या का?" पलीकडून थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग, "मला कुठे द्यायच्यात?"

झालं होतं असं. जुन्या पिंजऱ्याचा तळ प्लॅस्टिकचा. तिघींनी मिळून एक कोपरा कुरतडला आणि रात्री डॉट बाहेर पडली. ती फ्रिजमागे शिरताना आजोबांना दिसली, तेव्हा हाताला लागलं ते त्यांनी पकडलं. हाताला लागली शेपूट. डॉट पुढे निघून गेली आणि शेपटीची कातडी, टोकाच्या काळ्या झुपक्यासकट, त्यांच्या बोटांत राहिली.

डेगू पाळणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगायला हवी अशी ही गोष्ट आहे. शेपूट पकडायची नाही, कधीच नाही. हा प्राणी मध्य चिलीतल्या झुडपी रानात, अँडीजच्या पायथ्याच्या उतारांवर राहतो. तिथे कल्पेओ नावाचा कोल्हा आणि शिकारी पक्षी त्याच्या मागावर असतात. शत्रूच्या तोंडात शेपूट सापडली तर तिची कातडी मोज्यासारखी निघून येते आणि जीव वाचतो. उघडं पडलेलं हाड मग वाळतं, किंवा प्राणी स्वतःच ते कुरतडून टाकतो. पालीसारखी ही शेपूट पुन्हा येत नाही. डॉटचं उघडं हाड पशुवैद्यांनी काढून टाकलं होतं आणि जखम छान भरली होती. आजोबांचं मन मात्र भरलं नव्हतं. कोल्ह्याची गोष्ट मी त्यांना सांगितली, तेव्हा ते बराच वेळ डॉटकडे बघत राहिले. "म्हणजे मी तिला कोल्हा वाटलो," एवढंच म्हणाले.

दिसायला डेगू खारीसारखा. चिलीत जन्मलेले पाद्री मोलिना यांनी १७८२ साली या प्राण्याची शास्त्रात पहिली नोंद केली, तेव्हा त्यांनीही त्याला खारींतच घातलं होतं. खरं नातं गिनीपिग आणि चिंचिलाशी. दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून कुरतडणं ही खोड नाही, ती गरज आहे. निरोगी डेगूचे पुढचे दात गडद नारिंगी असतात. ते फिके पडले की आम्ही सावध होतो. तिघींचे दात मी पहिल्या भेटीतच पाहिले. नारिंगी होते, अगदी डॉटचेसुद्धा. आजोबांना मी ते टॉर्च धरून दाखवले, कारण त्यांना काहीतरी चांगलं दाखवायची त्या दिवशी फार गरज होती.

पिंजरा पाहिला आणि फोनवरच्या बोलण्याचा सगळा उलगडा झाला. दुकानदारानं हॅमस्टरचा पिंजरा डेगूंचा म्हणून नातीच्या गळ्यात मारला होता. तळ प्लॅस्टिकचा, मजले तारेच्या जाळीचे. अशा जाळीवर सतत चालून तळपायांना जखमा होतात. पर्लच्या मागच्या पायांना लालसर चट्टे दिसतच होते. पिंजरा ठेवला होता जमिनीवर, खिडकीखाली. माणूस जवळ आला की तो वरून येणार, आणि या प्राण्याच्या लेखी वरून येतो तो ससाणा. आजोबा रोज प्रेमानं वाकून दाणे घालत होते आणि तिघी रोज धूम ठोकत होत्या. तिथे बेदाणेही होते, मधाच्या कांड्याही होत्या. डेगूच्या शरीराला साखर झेपत नाही. मधुमेह होतो, डोळ्यांत मोतीबिंदू होतात. ते सगळं मी त्याच दिवशी बंद करायला लावलं.

आमच्या गोदामात देणगी म्हणून आलेला एक उंच लोखंडी पिंजरा पडून होता. आधी त्याची तपासणी. गजांमधलं अंतर १२ मिलिमीटर, ते ठीक. दाराचा खालचा कोपरा किंचित वाकलेला. बोटानं ढकलला की फट पडायची. डोकं शिरलं की डेगू शिरला, असं आमच्याकडे म्हणतात, म्हणून तिथे पत्र्याची पट्टी बसवली. दारांना आतून ढकलून उघडणार नाहीत अशा लोखंडी क्लिपा लावल्या. प्लॅस्टिकचे केबल टाय दोन दिवस टिकत नाहीत. मजल्यांवर पाइनच्या फळ्या टाकल्या, त्याही अशा की एकीवरून पाय घसरला तर खालची जवळच असेल. खाली खोल पत्र्याचा ट्रे, त्यात ओंजळभर नाही, चांगला वीतभर भुसा आणि टिमोथी गवत, म्हणजे खणता येईल. पाण्याची बाटली काचेची. पळायचं चाक ३० सेंटिमीटरचं, पत्र्याचं, आऱ्या नसलेलं. दुसऱ्याचा वापरलेला पिंजरा म्हणून सगळं जंतुनाशकानं धुऊन वाळवलं. त्याला पर्याय नसतो.

मात्र आजोबांना फोनवर बजावून सांगितलं होतं : जुन्या पिंजऱ्यातलं लाकडी घर, गवत, मातीचं भांडं, काही धुऊ नका. सगळं आहे तसं नव्या पिंजऱ्यात जाईल.

आम्ही पोचलो तेव्हा पाऊस लागलेला. सुपरवायझरनं आणि मी पिंजरा खोलीच्या आतल्या भिंतीशी उभा केला. रेडिएटरपासून लांब, खिडकीपासून लांब, पाठ भिंतीला. आजोबा स्वयंपाकघरातून लाकडी घर घेऊन आले. ते पांढरंफेक दिसत होतं. "नव्या घरात घाण कशाला न्यायची? काल रात्री सगळं घासूनपुसून ठेवलं," ते म्हणाले. साबणाचा वास माझ्यापर्यंत आला. माझा चेहरा बघून तेही थांबले.

माणसाच्या हिशेबी हे चोख होतं. पण डेगूचं घर वासाचं असतं. जागोजागी लघवी करून आणि रेतीत लोळून हे प्राणी आपला वास पसरतात, आणि त्यांच्या डोळ्यांना अतिनील किरणं दिसत असल्यामुळे ताज्या खुणा बहुधा नजरेलाही दिसत असाव्यात. तो वास पुसला की फक्त जागाच परकी होत नाही, शेजारची बहीणही अर्धी परकी होते. सुपरवायझर म्हणाली, "आज थांबायचं का?" पण जुन्या पिंजऱ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यालाही आता भोक पडत आलं होतं. रात्र काढण्यासारखा तो नव्हता.

तिघींना एकाच वेळी, एकाच खोक्यातून आत सोडलं. आधी मेबल, मग पर्ल. डॉट खोक्याच्या तोंडाशी चिकटून बसली. मग मेबलनं इशारा दिला. डेगूचा धोक्याचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. तीक्ष्ण, तुटक, पुन्हा पुन्हा. तिघी जागच्या जागी थिजल्या. आम्हीही हललो नाही.

पुढचं फार पटकन झालं. डॉट बाहेर आली, मेबल तिच्याजवळ गेली, तिनं शेपटीच्या खुंटाशी हुंगलं आणि दात कटकटवले. दोघी मागच्या पायांवर उभ्या राहिल्या आणि पुढच्या पायांनी एकमेकींना ढकलू लागल्या. एवढं चालतं, बहिणींत ते रोजचंच. पण मग मेबल शेपूट झाडायला लागली, आणि दुसऱ्या क्षणी दोघींचा एक गोळा होऊन भुशातून गडगडत गेला. केसांचे पुंजके उडाले. अशा वेळी उघडा हात घालायचा नसतो. सुपरवायझरनं जाड हातमोज्यात पुठ्ठा धरून मध्ये सरकवला आणि दोघी सुटल्या. डॉटच्या कानाला बारीकसा ओरखडा होता, बाकी काही नाही.

आजोबा खुर्चीवर बसले होते. "वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवल्या तर?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नावर मी कधीच घाईनं हो म्हणत नाही. रानात डेगू सामायिक बिळात राहतात, माद्या एकमेकींच्या पिल्लांना दूध पाजतात, बीळही मिळून खणतात. एकटा डेगू खचत जातो. इंग्लंडच्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानंही पाळणाऱ्यावर योग्य जागा आणि खाणं यांच्याबरोबर सोबतीची जबाबदारी टाकली आहे. रक्त वाहेपर्यंत भांडण गेलं तर वेगळं करावंच लागतं. पण इथे वैर नव्हतं, भीती होती. त्यांना आपला वास मिळायला हवा होता.

"जुना भुसा कुठे टाकलात?" मी विचारलं.

"बाहेरच्या कचरापेटीत. काल रात्री."

"आणि रेती?"

"तीही त्याच पिशवीत."

पुढचं सांगायची गरज पडली नाही. ते उठले आणि कोट न घालताच पावसात गेले. पिशवी बांधलेली होती, म्हणून आत पाणी शिरलं नव्हतं. वर्तमानपत्रावर ती ओतून आम्ही तिघं निवडायला बसलो. ओला भुसा बाजूला, कोरडा बाजूला, चघळलेल्या काटक्या, लाकडाचे तुकडे, जुन्या रेतीचा गठ्ठा. मी काटकी उचलली की आजोबा सांगायचे, ही पर्लची, तिच्या दातांची खूण अशी असते. खरं होतं की नाही देव जाणे, पण माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

मग पिंजरा लहान केला. वरचे मजले फळीनं बंद केले, फक्त तळ ठेवला. जागा मोठी आणि अनोळखी असली की तिच्यावरून भांडणं वाढतात. धुतलेलं घर काढून टाकलं, म्हणजे त्याच्या दारात कुणी कुणाला अडवणार नाही. जुना भुसा नव्यात मिसळला, काटक्या विखुरल्या, आणि मातीच्या भांड्यात जुनी रेती घालून ते मधोमध ठेवलं. पिंजऱ्याच्या तीन बाजूंना चादर. आणि आम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन जमिनीवर बसलो.

पहिली मेबल आली. भांड्याची कड हुंगली, आत उतरली, कुशीवर पडली आणि एका झटक्यात लोळली. बाहेर येऊन अंग झटकलं. तिच्यामागून पर्ल. डॉट मात्र लांबूनच मान ताणून बघत होती. भांडं रिकामं झालं तरी हलली नाही. मग पर्ल परत तिच्याजवळ गेली, मानेखाली नाक घालून बारीक किलबिलल्यासारखा आवाज करत तिचे केस साफ करू लागली. त्यानंतर डॉट रेतीत उतरली. तोल सांभाळायला शेपूट नसल्यामुळे ती लोळताना थोडी कलंडते, पण लोळली, अगदी मनसोक्त.

सगळं मिटलं असं नाही. दुपारभर मेबल अधूनमधून दात वाजवत राहिली, डॉट तिच्या वाटेतून बाजूला होत राहिली. पण गोळा पुन्हा झाला नाही. संध्याकाळकडे मेबलनं एक काम सुरू केलं, जे बघून सुपरवायझरनं माझा दंड धरला. विखुरलेल्या काटक्या ती एकेक करून तोंडात धरून आणत होती आणि एका कोपऱ्यात रचत होती. चिलीत डेगू आपल्या बिळांच्या तोंडाशी काटक्या, दगड, वाळलेलं शेण यांचे ढीग घालतात. इथे बीळ नव्हतं, पण जागा ठरली होती. थोड्या वेळानं त्या ढिगामागच्या भुशात तिघी एकमेकींच्या अंगावर पडून झोपल्या.

निघताना मी आजोबांना वाळलेल्या डँडेलियनच्या मुळांची पिशवी दिली. मूळ हातावर ठेवून हात खालून न्यायचा, वरून नाही, हे दाखवलं. त्यांनी तसं केलं. पर्लनं झोपेतून उठून मूळ नेलं, आणि त्यांचा हात मात्र ती गेल्यावरही आतच होता.

वरचे मजले कधी उघडायचे, असं त्यांनी विचारलं होतं. तिघी रोज एकत्र झोपू लागल्या की एकेक, आणि प्रत्येक वेळी आधी थोडा जुना भुसा वर ठेवून. त्यांनी ते नेमानं केलं. लाकडी घर मागवलं ते दोन दारांचं. पिंजरा पूर्ण कधीच रिकामा करत नाहीत. ओला भाग काढतात, कोरडा राहू देतात. पर्लचे तळपाय आता स्वच्छ आहेत. परवा त्यांचा फोन आला तो वेगळ्याच कारणानं. मेबल चाकावरून उतरतच नाही, डॉटला पाळी मिळत नाही, तर दुसरं चाक बसवू का? बसवा म्हटलं, पण तेही ३० सेंटिमीटरचंच, आणि खालच्या मजल्यावर.