कान्हेरीच्या कातळावरच्या दोन भेगा: जुलैची नोंद

मंडळी, नोंद उशिरा टाकतेय. तीन रविवार पावसाने उभंच राहू दिलं नाही. या रविवारी सकाळी तासभर उघडीप मिळाली आणि बोरिवलीच्या उद्यानात शिरून थेट कातळ गाठला.

नव्यांसाठी थोडक्यात सांगते. चढाईमुळे कातळावरच्या झाडझाडोऱ्याचं काय होतं ते कळावं म्हणून कान्हेरीजवळच्या एका भिंतीवरच्या दोन उभ्या भेगा मी जानेवारीपासून बघतेय. दोन्ही उत्तरेकडे तोंड केलेल्या, मध्ये जेमतेम तीन हात अंतर. डावीतून चढाईचा रूट जातो. आमच्या ओळखीची मुलं रीतसर परवानगी काढून हिवाळ्यात तिथे सराव करतात. उजवी वर जाऊन बंद होते, म्हणून तिच्यात कुणी बोट घालत नाही. काहीही उपटायचं नाही, खरवडायचं नाही, राष्ट्रीय उद्यान आहे. माझ्याकडे फक्त १० पट मोठं दाखवणारं भिंग, फोनचा कॅमेरा आणि वायरिंगच्या पाइपची केलेली वीतभर चौकट.

सुरुवातीला मी चढली जाणारी भिंत आणि न चढली जाणारी भिंत अशी तुलना करत होते. ती मोडीत काढली, कारण चढणारा मुळातच स्वच्छ, नागडा कातळ निवडतो. कॅनडात नायगरा एस्कार्पमेंट या लांबलचक कड्यांच्या रांगेवर हजार वर्षांहून जुनी सीडरची खुरटी झाडं आहेत. तिथल्या अभ्यासकांनी २००२ मध्ये चढाईच्या कड्यांवर वनस्पती कमी असल्याचं मांडलं. पुढे २००६ मध्ये तिथलंच दुसरं काम आलं, त्यात यातला बराच फरक कड्याच्या घडणीमुळे, फटी आणि खाचा कमी-जास्त असल्यामुळे दिसला. म्हणून मी एकाच भिंतीवरच्या दोन भेगा धरल्या. दोनच भेगा म्हणजे नमुना फार लहान, हे मान्य. पण बघायला शिकवतात.

आता जानेवारीतली गोष्ट. मुलांनी डावी भेग साफ केली. तारेचा ब्रश, जुना स्क्रूड्रायव्हर, आणि वरून मातीचा धुरळा. मी खाली उभी होते. "ताई, बाजूला व्हा. सुकी माती आहे, काही नाही तिच्यात," असं वरून ओरडून सांगितलं एकाने. मलाही तसंच वाटलं. ओंजळीत आलेल्या मातीत हरभऱ्याएवढे तपकिरी गोळे होते. मी ते खडे समजून टाकून दिले. ही चूक माझी आहे आणि ती मला अजून लागते.

कारण रविवारी उजव्या भेगेत काय होतं ते बघा. खडकावरचा बेगोनिया भेगेच्या तळापासून माझ्या डोक्याच्या वरपर्यंत. पानं रसाळ, कडा कातरलेल्या, एक बाजू दुसरीपेक्षा मोठी. देठ गुलाबी, इतके पारदर्शक की भिंगातून आतलं पाणी दिसतंय असं वाटावं. फिकट गुलाबी फुलं नुकती उमलू लागलीत. मध्ये तेरड्याची पाच-सहा रोपं, वर बाशिंग या नेच्याचं एक पान, आणि ओलसर जागी इतर नेचे. डाव्या भेगेत शेवाळाचा हिरवा थर आणि गवताच्या काड्या, बास.

आणि भिंतीच्या पायथ्याशी, जिथे जानेवारीत माती पडली होती, तिथे पालापाचोळ्यातून बेगोनियाची चार रोपं वर आलीत. ते खडे कंद होते.

आपल्याकडची खरी गोम इथे आहे. नायगराची सीडर बारा महिने डोळ्यांसमोर असते, चढणाऱ्याला तिच्यावर पाय देतोय हे कळतं. आपला कातळ नोव्हेंबर ते मे मेल्यासारखा दिसतो आणि चढाईचा हंगामही तोच. झाड त्या काळात मातीत कंद होऊन निजलेलं असतं. भेगेतली ती बोटभर माती म्हणजेच झाड.

लायकेनबद्दल, म्हणजे बुरशी आणि शैवाल मिळून दगडावर वाढणाऱ्या जीवाबद्दल, थोडं. मसाल्यातलं दगडफूल सुट्या पानासारखं असतं, इथलं बहुतेक पापुद्रा होऊन दगडाला चिकटलेलं. फेब्रुवारीत मी कितीतरी पांढरे डाग लायकेन म्हणून मोजले होते, त्यातले निम्मे चढताना पकड घसरू नये म्हणून हाताला लावायच्या चॉकच्या भुकटीचे निघाले. ओळखायला पाण्याचा एक थेंब पुरतो. लायकेन ओलं होताच वरचा थर पारदर्शक होतो आणि आतलं शैवाल हिरवं डोकावतं. चॉक नुसता ओला पांढरा चिखल. मग मी प्रत्येक होल्ड, म्हणजे चढताना हातपाय टेकवायची जागा, आणि त्याच्या वीतभर बाजूचा दगड अशी जोडी बघू लागले. होल्डवर गुळगुळीत काळा दगड, वीतभर सरकलं की राखाडी, पिवळट ठिपके. नुकसान आहे, पण तळहाताएवढ्या जागेत. असे पापुद्र्याचे ठिपके फार सावकाश वाढतात, त्यामुळे ब्रशने गेलेला ठिपका पुन्हा तेवढा व्हायला कितीतरी वर्षं लागतील.

मुलांना फोटो दाखवले. ती भेग साफ करणाराच सगळ्यात जास्त वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. येत्या हिवाळ्यात फक्त होल्डची कड मऊ ब्रशने पुसायची, भेगेतली माती हलवायची नाही, असं त्यानेच सुचवलं.

पुढची फेरी गणपती झाल्यावर. तोवर बेगोनियाला तीन पंखांची बोंडं धरलेली असतील. बी धुळीसारखं बारीक, वाऱ्यापाण्याबरोबर डाव्या भेगेतही पोचेल. तिथे तळाशी दोन बोटं माती उरलीय. मापून, फोटो काढून ठेवलीय.