दारू सुटल्यानंतरचे दिवस

दादा महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून निफाडला घरी परतला, तेव्हा पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. हात थरथरत नाहीत, सकाळी अंघोळ करून बागेत जातो. वहिनी म्हणाली, "सुटलो बाई एकदाचे." मला मात्र तिथूनच धास्ती लागली. माझं नाशिकच्या सिडकोत मेडिकल आहे. अशी घरं काउंटरवर रोज भेटतात.

पिऊन पडलेला असतो तेव्हा माणूस जिवाचं बरंवाईट करून घेईल हा धोका असतोच. दारू डोक्यात गेली की विचार आला आणि माणूस उठला, मध्ये थांबायला जागाच उरत नाही. पण केंद्रातून किंवा मानसोपचार वॉर्डातून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडेही फार नाजूक असतात. सोसायटीचं कर्ज, अवकाळीने झोडपलेली बाग, मुलीने टाकलेला अबोला, हे सगळं इतकी वर्षं दारूखाली झाकलेलं असतं. शुद्धीत ते एकदम अंगावर येतं, आणि झोप तर लागतच नाही.

उदासी आधी की दारू आधी, यावर आमच्याकडे रात्र-रात्र वाद झाले. आता ज्यांच्याकडे जातो ते डॉक्टर म्हणाले, दारू बंद होऊन तीन-चार आठवडे झाले तरी मन उभारी धरत नसेल, तर तो वेगळा आजार समजून उपचार करायचे. आधीचा अनुभव काय सांगू! एका डॉक्टरांनी सांगितलं, "आधी दारू सोडा, मग या." केंद्रात म्हणाले, "इथे मनाच्या गोळ्या चालत नाहीत, मनोबल लागतं." आजार दोन्ही एकाच माणसाला, आणि प्रत्येक दारावर पत्ता दुसऱ्या दाराचा.

द्राक्षबागेची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, नुकतीच उरकली होती. दादा शेडमध्ये क्रेट पालथा घालून बसला होता, टोपी हातात फिरवत. म्हणाला, "माझ्यामुळे सगळ्यांना नुसता ताप. मी नसलेलाच बरा." मी सरळ विचारलं, "दादा, जीव द्यायचा विचार येतो का?" वहिनीने डोळ्यांनीच दटावलं. विचारल्याने नसलेलं डोक्यात भरतं असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "येतो. रात्री येतो."

त्याच संध्याकाळी फवारणीच्या औषधांच्या खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली चुलतभावाकडे गेली. चुलत्यांचा धाकटा रात्री वस्तीवर झोपायला येऊ लागला. डॉक्टरांना विचारून झोपेच्या गोळ्या मी आठवड्यापुरत्याच द्यायला लागले, त्याही वहिनीच्या हाती. जीव द्यायची ऊर्मी बऱ्याचदा काही वेळाने ओसरते; तेवढा वेळ निघून जावा म्हणून हा खटाटोप. दुसऱ्या दिवशी नाशिकला डॉक्टरांकडे.

वहिनीला भीती पोलिसांची. मनातलं सांगितलं म्हणून केस होत नाही, हे तिला दहादा सांगावं लागलं. आणि कुणी प्रयत्न केलाच, तर २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं ११५वं कलम तो माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरतं आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतं. चुलत्यांची अडचण निराळीच: "वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला?" त्यांना उत्तर द्यायच्या फंदात मी पडले नाही.

२०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात सर्वाधिक महाराष्ट्रात, २२,७४६. त्या सरकारी नोंदींच्या तक्त्यांत कारणांमध्ये आजारपणाचा रकाना वेगळा, व्यसनाचा वेगळा, कर्जाचा वेगळा. दादासारख्याला नेमकं कुठे बसवणार?

शिमग्याला दादा पुन्हा प्यायला. असं होतं, पण त्यानंतरची शरम जास्त घातक, म्हणून त्या दोन-तीन दिवसांत त्याला कुणी एकटं सोडलं नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं आणि घरच्यांनाही लावता येतो. जीवावरच बेतलं असेल तर मात्र फोनवर न थांबता थेट दवाखाना गाठायचा. शिमग्याच्या रात्री चुलते आरडाओरडा करायला लागले, तेव्हा मोबाइल त्यांच्यापुढे धरत वहिनीच म्हणाली, "भांडण सकाळी करा. आधी हा नंबर लावून द्या."