बनातीवरचा ठसा

लाकडी गज नळीत सोडला आणि तो दोन बोटं आधीच थांबला.

बाहेर काढून पुन्हा घातला. नळीच्या तोंडाशी नखाने खूण धरली आणि गज बाहेरून नळीच्या कडेने लावून पाहिला. नळी रिकामी असेल तर टोक मागे, जिथे ठिणगी पाडणारी टोपी बसवतात त्या निपलपाशी यायला हवं. ते येत नव्हतं. जोडीतल्या दुसऱ्या पिस्तुलात गज सरळ तळाला गेला होता. म्हणजे ह्याच्या पोटात काहीतरी होतं, आणि ठासणीच्या पिस्तुलाच्या पोटात जे असतं ते बहुतेक वेळा दारू आणि गोळीच असते.

समोरच्या बाई चहात बिस्कीट बुडवत होत्या. वय ऐंशीच्या पुढे. "लहानपणी आम्ही भावंडं ह्यांनीच खेळायचो," त्या म्हणाल्या. "मी कायम दरोडेखोर व्हायचे."

मी पिस्तूल भिंतीकडे तोंड करून टेबलावर ठेवलं आणि शक्य तितक्या शांतपणे त्यांना शेजारच्या खोलीत बसायला सांगितलं.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला एका छोट्या गावात आमचं लिलावघर आहे. मोठी नावं लंडनला. आमच्याकडे येतं ते घरं रिकामी करताना निघालेलं सामान: चांदीचे चमचे, बंद पडलेली घड्याळं, जलरंगातल्या गायी, आणि महिन्यातून एक-दोनदा शस्त्रं. शस्त्रविभागात माणसं दोनच. एक आमचे प्रमुख, ज्यांना मी मनातल्या मनात आजोबा म्हणते, आणि दुसरी मी, खडकीची. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे ह्या विषयाचं आमच्या घरात वावडं नव्हतं. पण माझी नोकरी म्हणजे नेमकं काय, हे नातेवाइकांना २०२५ च्या एप्रिलपर्यंत उमगलं नव्हतं. त्या महिन्यात लंडनच्या लिलावातून राज्य सरकारने रघुजी भोसल्यांची तलवार मिळवली आणि नागपूरच्या मावशीचा फोन आला: "तूच विकलीस का गं?"

तर, पिस्तूल. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेटते. ठासणीची जुनी हत्यारं शोभेची वस्तू म्हणून बाळगायला इथे परवाना लागत नाही, १९६८ च्या कायद्यातच तशी सूट आहे. म्हणून ती कुणाच्याही माळ्यावर, कुणाच्याही पोरांच्या हातात असू शकतात. आजोबांनी ओळखीच्या बंदूक-कारागिराला बोलावलं. त्याने निपल काढून आतली दारू आधी तेलाने भिजवली, मग गजाच्या टोकाला स्क्रू लावून गोळी ओढून काढली. बोराएवढी शिशाची गोळी, बाहेरून पांढरट पडलेली. मागून करड्या रंगाचा चिखल निघाला. सगळं मिळून चाळीस मिनिटं. कारागीर हात पुसत म्हणाला, असं वर्षाला एखादं निघतंच.

बाबांना रात्री सांगितलं तेव्हा ते किमतीबद्दल, बनावटीबद्दल काही बोलले नाहीत. "नळीच्या तोंडासमोर उभी होतीस का?" एवढंच विचारलं, तेही दोनदा.

पण बाबांना फोन करायचं खरं कारण गोळी नव्हती. पेटीच्या झाकणावर मधोमध एक पितळी पाटी होती. तिच्यावर दोन आद्याक्षरं आणि खाली कोरलेलं: किर्की, ५ नोव्हेंबर १८१७.

किर्की म्हणजे इंग्रजांची खडकी. खडकीच्या मुलीला ही तारीख सांगावी लागत नाही. त्या दिवशी बापू गोखल्यांच्या फौजा गणेशखिंडीच्या बाजूला उतरल्या, संगमावरची इंग्रजांची रेसिडेन्सी जळाली, आणि दुसरा बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होता असं आम्हाला शाळेत सहलीला नेऊन सांगितलेलं. ज्या मैदानाच्या कडेला मी सायकल शिकले, तिथे ही पिस्तुलं कुणाच्या तरी खोगिराला लटकलेली असतील, ह्या विचाराने माझ्या पोटात खड्डा पडला. बाईंच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तेच सांगत आले होते: पणजोबांच्या आधीचे कोणी कंपनीच्या फौजेत होते, त्यांनी त्या दिवशी ही वापरली.

मला ते खरं हवं होतं. ह्या धंद्यात यापेक्षा धोक्याची अवस्था नाही.

कारण पिस्तुलं टोपीची होती. चकमकीच्या, म्हणजे गारेच्या ठिणगीने पेटणाऱ्या हत्यारात आधी रंजक, म्हणजे बाहेरच्या वाटीतली चिमूटभर दारू भडकते, मग आतली दारू पेटते. त्या भडक्याने बदकं उडून जातात म्हणून वैतागलेल्या ॲलेक्झांडर फॉरसाइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने १८०७ साली ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट घेतलं. पण तांब्याची छोटी टोपी निपलवर बसवायची पद्धत रुळली ती १८२० नंतर. १८१७ साली खडकीच्या माळावर टोपीचं पिस्तूल घेऊन कोणी उभा असेल हे जवळजवळ अशक्य.

अर्थात चकमकीची कितीतरी हत्यारं मालकांनी पुढे टोपीची करून घेतली. तसं केलं असेल तर घोड्याखालच्या पोलादी पट्टीवर खुणा राहतात. रंजकाची वाटी आणि तिच्यावरच्या झाकणाची स्प्रिंग जिथे होती तिथली भोकं बुजवलेली दिसतात. मी भिंग लावून दोन्ही पट्ट्या इंच इंच पाहिल्या. एकही भोक नाही. ही पिस्तुलं जन्मापासूनच टोपीची. नळीखाली मुकुट आणि तिरपे ओलांडलेले दोन राजदंड, म्हणजे बर्मिंगहॅमच्या तपासणीचा शिक्का. आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "१८३५, १८४०. चांगली आहेत. साधी आहेत." म्हणजे पाटी खोटी, विषय संपला.

ते जेवायला गेले. मी गेले नाही.

इंग्लिश पेटीला आतून हिरवं लोकरी कापड असतं, ज्याला आपल्याकडे बनात म्हणत. पिस्तुलं, दारूची कुपी, गोळीचा साचा, गज, तेलाची बाटली, प्रत्येकाला लाकडी पट्ट्यांनी आखलेला आपला कप्पा. शंभर वर्षं एकच वस्तू एकाच जागी पडून राहिली की बनातीवर तिचा ठसा उमटतो: तेलाचा डाग, गंजाची कड, जिथे घोडा टेकतो तिथे दबलेला खळगा. ह्या कामात मला सगळ्यात जास्त विश्वास वाटतो तो ह्या ठशावर. दस्त्याला नवं पॉलिश करता येतं, कोरीवकाम नव्याने खणता येतं. ठसा उमटवायला मात्र तितकी वर्षंच लागतात.

मी पिस्तुलं बाहेर काढली, टेबललॅम्प आडवा धरला आणि बघत राहिले. दोन ठसे होते. वरचा पुसट, आत्ताच्या पिस्तुलांचा. त्याखाली दुसरा, गडद आणि खोल. त्याची नळी बोटभर लांब, आणि घोड्याच्या पुढे आणखी एक खळगा, जिथे टोपीच्या पिस्तुलाला काहीच नसतं. चकमक ज्यावर आपटते ती उभी पोलादी पट्टी मात्र नेमकी तिथेच असते. एका कप्प्याची लाकडी पट्टी उचलून अलीकडे सरकवलेली होती. तिची जुनी जागा बनातीवर काळपट रेघ होऊन उरली होती. कोपऱ्यात झाकणाचा एक छोटा कप्पा, त्यात चुकार टोप्या, एक बटण, आणि तळाशी धुळीत दोन करड्या गारा. एकीला अजून चामड्याची चिंधी गुंडाळलेली.

टोपीच्या पिस्तुलाला गार कशाला लागते?

झाकणाच्या आत लेबल होतं: जोसेफ मॅन्टन, डेव्हिस स्ट्रीट, लंडन. हा त्या काळातला फार मोठा कारागीर. १८१९ च्या सुमारास त्याने दुकान हॅनोव्हर स्क्वेअरला हलवलं, म्हणजे डेव्हिस स्ट्रीटचा पत्ता त्याआधीचा. लेबलं नकली बनतात, रिकाम्या पेटीत चिकटवून पेटीची किंमत दसपट करतात. म्हणून मी दिवे घालवले आणि अतिनील टॉर्च लावला. आत्ताच्या कागदात शुभ्रतेसाठी रसायन घालतात, ते निळंपांढरं चमकतं. हे लेबल मढ्यासारखं पडून राहिलं. आयुष्यात मला कागद न चमकल्याचा एवढा आनंद झाला नव्हता.

आजोबा सँडविचचे कण झटकत परत आले. मी काही न बोलता लॅम्प आडवा धरला. ते बराच वेळ वाकून बघत होते, मग खुर्ची ओढून बसले. पेटी खरी होती. आतली जोडीच गेली होती. कुणी भावाने कर्जापायी विकली, की कुणी जावयाने उचलली, कुणास ठाऊक. रिकामी पेटी बरी दिसत नाही म्हणून पुढच्या पिढीने बाजारातून दुसरी जोडी आणून बसवली. कॅटलॉगमध्ये ह्याला 'असोसिएटेड' म्हणतात. आपल्या भाषेत दुसरेपणाची.

आणि पाटी? तिच्या स्क्रूंच्या खाचा हाताने घासलेल्या, किंचित वाकड्या, जुन्या. ती १८१७ सालीच बसवली असं त्यावरून सिद्ध होत नाही. पेटीला ती खोटी पाडत नव्हती, एवढंच म्हणता येत होतं. मी कॅटलॉगमध्ये तेवढंच लिहिलं. तीन वेळा खोडून लिहिलं, कारण दर वेळी 'कदाचित' हा शब्द हळूच गळून पडत होता.

बाबा म्हणाले, "म्हणजे वाघनखासारखं." २०२४ साली ते साताऱ्याला रांगेत उभे राहून बघून आले होते. त्याच्याही पेटीवर मजकूर आहे: शिवाजी महाराजांचं वाघनख, पेशव्यांच्या प्रधानाने साताऱ्याच्या इंग्रज रेसिडेंटला, ग्रँट डफला दिलेलं. लंडनच्या म्युझियमने मात्र तेच हे, अशी खात्री देता येत नाही असं स्पष्ट लिहून ठेवलंय. बाबांना तेव्हा त्याचा राग आला होता. आता जरा वेळ थांबून म्हणाले, "तुझी पेटी तरी खडकीला आली असेल ना?"

"आली असेल."

"बास की मग."

बाईंना समजावणं अवघड गेलं. घरात सांगत आलेलं खोटं नाही, फक्त आम्ही खेळायचो ती 'ती' नव्हेत, हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं. मग त्यांनी विचारलं, "आणि त्या दुसऱ्या जोडीत गोळी होती, ती कुणी भरली?" ह्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. भावंडांत कोण पोलीस व्हायचं, हे मी विचारलं नाही.

लिलावाच्या दिवशी आम्ही अंदाज बाराशे ते अठराशे पौंडांचा ठेवला होता. सभागृहात बोली हजारावर अडखळली. मग दोन फोन एकमेकांना भिडले, आणि हातोडा पडला तो चार हजार दोनशेवर. वर आमचं कमिशन वेगळं. आजोबांनी माझ्याकडे बघून एक भुवई उचलली, त्यांच्या मानाने हा जल्लोषच.

तिसऱ्या दिवशी घेणारा स्वतः आला. पन्नाशीचा, अंगात जुनं जाकीट, बोलणं बेताचं. टेबलावर पेटी उघडली, दोन्ही पिस्तुलं न बघता बाजूला ठेवली. खिशातून कॅलिपर आणि एक वही काढली. गडद ठशाची लांबी, घोड्याच्या खळग्याचं अंतर, पुढच्या खळग्याची रुंदी, सगळं दोनदा मोजून लिहून घेतलं. वहीतल्या आधीच्या एका पानाशी ताडून पाहिलं. मी मान लांब केली, पण त्याने वही मिटली.

पेटी त्याने ब्लँकेटमध्ये गुंडाळली. पिस्तुलं टेबलावरच होती. मी आठवण केली तेव्हा त्याने ती माझ्याकडे सरकवली.

"ही पुढच्या लिलावात लावाल का?" तो म्हणाला. "रिकामी आहेत ना, एकदा बघून घ्या."