हलकी सॅक

कार्तिक वद्य, रविवार. रात्रीचे साडेअकरा.

पोटऱ्या ठणकताहेत, तरी झोप नाही. सगळे सुखरूप घरी पोचले, फोन झाले. ती सॅक मात्र मनातून जात नाहीये.

काल सकाळी हरिश्चंद्रगडासाठी खिरेश्वरहून निघालो. पाचनईच्या सोप्या वाटेने जाऊ या, असं मास्तर दोनदा म्हणाले होते. हट्ट मीच धरला. तोलार खिंडीत वाघाच्या शिल्पापाशी टेकलो तेव्हा खांद्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. एवढं चढून आल्यावर पट्टे रुततात. ते रुतलेच नव्हते. सॅक उघडली, तर पाण्याच्या दोन्ही बाटल्या गायब. त्यांच्या जागी माझाच स्वेटर, सैल गुंडाळून, फुगवून बसवलेला. सॅक रिकामी दिसू नये म्हणून.

तो स्वेटर फार लागला मला. पाणी कुणी घेतलं असतं तर एक वेळ ठीक. पण हिला कळता कामा नये, एवढा विचार करून कुणीतरी तो तिथे बसवला होता.

बोलले नाही. रेलिंगचा कातळटप्पा चढताना डॉक्टर माझ्या बरोबर एक पायरी खाली राहिले, तेही दिसलं. वर पठारावर गवत पार सोनेरी झालंय, सोनकी वाळून गेलीय. एरवी दहा ठिकाणी थांबले असते. काल नुसती बघत होते, कुणाची सॅक जास्त जड दिसतेय.

केदारेश्वराच्या गुहेत गेलो. चार खांबांतला तो एकच उभा, कमरेएवढं गार पाणी. यंदा उतरले नाही. आम्ही दोघं दर वेळी पिंडीला प्रदक्षिणा घालायचो. असो.

संध्याकाळी कोकणकड्यावर. इंग्रजांच्या काळात कर्नल साईक्सला इथून इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य, दिसलं, ही गोष्ट नव्या मुलांना नेहमी मी सांगते. काल मास्तरांनी सांगितली. छान सांगितली, आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "बरोबर ना?" मला वाटलं, एकेक करून सगळंच काढून घेताहेत. मार्चपासून हेच ऐकतेय. तू बस. तू राहू दे. डोळे भरून आले. वारा होता म्हणून निभावलं.

तेवढ्यात मास्तरांची लेक शेजारी येऊन बसली. "मावशी, पाणी?" बाटलीच्या गळ्याला लाल दोरा. मीच बांधलेला.

मी दोऱ्याकडे बघतेय हे तिने पाहिलं. हळूच म्हणाली, "विचारलं असतं तर दिल्या असत्यास?"

नसत्या दिल्या. पाणी प्यायले, बाटली तिला परत दिली.

रात्री पिठलं-भाकरी झाली, चंद्र उशिरा वर आला, बाकीचे झोपले, आणि मला राजगड आठवला. ही तेव्हा आठवीत होती, पहिलाच ट्रेक. गुंजवण्याच्या वाटेने चढताना मागे पडायला लागली, ओठ घट्ट मिटून. चोरदरवाजाच्या आधी सगळे बसले असताना तिच्या सॅकमधला जेवणाचा जड डबा मी काढून घेतला होता आणि त्या जागी माझं विंडचीटर कोंबलं होतं. तिला वाईट वाटू नये म्हणून. केवढं बरं वाटलं होतं मला तेव्हा! तिला काय वाटलं असेल, हे इतक्या वर्षांत एकदाही मनात आलं नाही. कळलं असणारच. खांद्यांना कळतंच.

आज खिरेश्वरला उतरल्यावर पाहिलं, तर दोन्ही बाटल्या माझ्या सॅकमध्ये परत आलेल्या. स्वेटरची नीट घडी.

रागावले होते कुणावर, आता सांगता येत नाही. गुडघा दुखतोय, हे मात्र खरं. पुढच्या वर्षीही दुखेल.

मार्गशीर्षात रतनगडाचं ठरतंय. सकाळी तिला फोन करेन. एक बाटली तू घे म्हणेन, एक माझ्याकडे राहू दे.